टाकेबाईंनी कबूल केलेला गुन्हा

टाकेबाई गेल्या तेव्हा आमच्या समाजाच्या मंडळाच्या फलकावर खडूने लिहिलं होतं, "परंपरेच्या शेवटच्या खंद्या पाईक." त्याच महिन्यात आमच्या समितीच्या वार्षिक अहवालात एक ओळ छापून आली, "या भागातल्या शेवटच्या कापणाऱ्या बाईचं निधन." फलकावरचं अक्षर माझ्या चुलत्यांचं, अहवालातली ओळ माझी. दोन्ही साफ खोटं आहे. चुलत्यांना ते माहीत नव्हतं आणि मला लिहितानाच माहीत होतं, एवढाच काय तो फरक.

आता सांगायला हरकत नाही. ज्या अकरा मुलींसाठी मी इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले, त्यांतल्या सगळ्यात धाकटीला परवा अठरा पूर्ण झाली. आता तिला कुणी हाताला धरून कुठे नेऊ शकत नाही. न्यायचा प्रयत्न केला तर तीच नेणाऱ्याला पोहोचवून येईल.

टाकेबाई हे आडनाव नव्हे. त्या मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. डॉक्टर जखमेकडे बघून "घाला टाके" म्हणायचे आणि निघून जायचे, घालायच्या या. त्यांचा टाका पुढे शोधूनही सापडत नसे, त्यांना सोडून. कुणाच्या लग्नात गेल्या की नवरीला आशीर्वाद द्यायच्या आधी तिची हनुवटी वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा माझा. जिन्यावरून पडली होतीस." अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. बोलणं मोजकं. अर्ध्याहून जास्त गोष्टींना उत्तर म्हणून "हं" पुरायचं.

आणि रिटायर व्हायच्या कितीतरी आधीपासून, सुट्टीच्या दिवशी, आपल्या घराच्या मागच्या खोलीत त्या आमच्या समाजाची रीत पार पाडायच्या.

रीत अशी. मुलगी सात वर्षांची झाली की तिला कापायचं. कुठे, ते सांगायला आमच्याकडे सभ्य शब्द नाही. घराघरांत त्या जागेला "तिथे" म्हणतात. तिथला एक कण काढला की मुलगी सोज्वळ होते, घराला धरून राहते, अशी समजूत. समजूत कुणाची म्हणून विचारलं की पुरुष म्हणायचे बायकांची, आणि बायका म्हणायच्या पूर्वीपासूनची. आजीने मुलीला नवा फ्रॉक घालून न्यायचं. मुलगी आत, दार बंद, आजी बाहेर बाकावर. आत काय चाललंय ते आजीने बघायचं नाही, फक्त ऐकायचं. किंकाळी कानावर आली की चष्मा पुसायचा, म्हणजे काम झालं. मग दोन दिवस मुलीने पडून राहायचं आणि तिसऱ्या दिवशी पट्टी काढायला पुन्हा त्याच दारात. मधल्या दिवसांत आईनेसुद्धा तिथे बघायचं नाही, कारण ते असभ्य. कापणं असभ्य नाही, बघणं असभ्य, एवढं नीट लक्षात ठेवा.

माझं टाकेबाईंच्या सासूने केलं. तिला खोकल्याची उबळ यायची आणि उबळीबरोबर हात हलायचा. पुढचं मी सांगणार नाही. आज छप्पन्नाव्या वर्षीही मला त्या म्हातारीचा राग येतो, आणि बाकावर बसलेल्या माझ्या आईचा तर त्याहून जास्त. आईला हे मी तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "मग मीपण माझ्या आईचा राग धरू का?" धर की. कोण नको म्हणतंय?

सासूचे डोळे गेले तेव्हा काम सुनेकडे आलं, आणि थोड्याच वर्षांत टाकेबाईंचं नाव झालं. काय हाताला सफाई! ना रक्त, ना ताप. तिसऱ्या दिवशी मुलगी उड्या मारते. इतर गल्ल्यांतल्या आज्या आपापल्या बायका सोडून नातींना इकडे आणायला लागल्या. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि या रीतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या समितीची चिटणीस होते. टाकेबाईंचं नाव निघालं की माझं डोकं फिरायचं. वाईट काम वाईट रीतीने करणारी बाई परवडली, लोक निदान घाबरतात तरी. ही बाई वाईट काम इतकं सुबक करत होती की ते बंद व्हायची आशाच संपावी.

दोन्ही बाजूंची एक जाहीर चर्चा झाली होती, मंडळाच्या सभागृहात. मंचावर सात पुरुष आणि एक टाकेबाई. मंडळाचे अध्यक्ष लोखंडाचे व्यापारी. त्यांनी पाऊण तास स्त्रीच्या शरीरावर व्याख्यान दिलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की हे आरोग्याला चांगलं असतं. कसं, ते वेळेअभावी राहून गेलं. एका विद्वानांनी हे कापणं नसून संस्कार आहे असं सिद्ध केलं, आणि आमच्या बाजूने बोलायला बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञ बाईंनी मंचाखाली उभं राहून पडद्यावर इतके आलेख दाखवले की शेवटच्या रांगेतल्या बायका विणकाम काढून बसल्या. मग अध्यक्षांनी हुकमाचं पान टाकलं.

"आलेख कशाला? आमच्या टाकेबाईंच्या हातून गेलेल्या मुली बघा. साठ झाल्या. शिकल्या, नोकऱ्या करतात, संसार करतात, बाळंतपणं सुखरूप झाली. एकीची तरी तक्रार आहे? टाकेबाई, तुम्हीच सांगा."

टाकेबाई उभ्या राहिल्या. "माझ्या मुलींना काही त्रास नाही," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे." आणि बसल्या.

टाळ्या पडल्या. मी जागेवरून ओरडले, "लाज नाही वाटत?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि, शप्पथ सांगते, "हं" म्हणाल्या.

अध्यक्षांना खोटं पाडायचं म्हणून मी त्या साठ जणींच्या मुलाखती घ्यायला निघाले. सहा महिने घरोघरी फिरले. तिशीच्या पुढच्या बायका, म्हणजे सासूच्या हातच्या, बोलल्या, रडल्या, एकीने तर मला धरूनच ठेवलं. पण टाकेबाईंच्या हातची एकही तोंड उघडेना. "काही आठवत नाही हो." "लहान होते." एक बँकेतली मुलगी माझा पहिलाच प्रश्न ऐकून फिस्सकन हसली आणि पाणी आणायला म्हणून आत पळाली ती बाहेर आलीच नाही. मी वहीत लिहिलं, "गंभीर आघात. हसण्यावर ताबा नाही." अहवालात त्या प्रकरणाला मी नाव दिलं, "गाढ भीतीचं मौन." तज्ज्ञ बाईंनी ते फार वाखाणलं.

मग कायदा आला. त्याच वर्षी माझ्या दादाची मुलगी सात वर्षांची झाली. घरात तिला आम्ही पुटपुटी म्हणायचो, कारण ती खेळताना, जेवताना, गणितं करताना सारखी स्वतःशी काहीतरी पुटपुटत असे. मी दादाशी भांडले, वहिनीच्या हातापाया पडले. दादा म्हणाला, "आई नेणार म्हणते. मी यात पडत नाही." माझा दादा कशातच पडत नाही. वहिनी म्हणाली, "टाकेबाईंकडेच नेऊ ना, कसायाकडे थोडीच?"

पुटपुटीला वाचवायचं तर एकच रस्ता होता. मी शाळेचे हजेरीपट काढले. सात वर्षांची मुलगी, दोन दिवस गैरहजर, कारण ताप, तिसऱ्या दिवशी हजर: अशी दहा नावं निघाली. ती सुवाच्य अक्षरात उतरवून मी पोलिसांत तक्रार दिली आणि सांगितलं की सुट्टीत अकरावी मुलगी जाणार आहे, तेवढी तरी वाचवा. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की काय कापतात म्हणता?" आणि दोन्ही वेळा माझं उत्तर पुरं व्हायच्या आत खिडकीबाहेर बघितलं.

आईला सुगावा लागला असावा. तिने पुटपुटीला ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधीच नेलं. मला कळलं तेव्हा मी वर्ग सोडून धावत सुटले, वाटेत पोलिसांना घेतलं. गल्लीत शिरतोय तोच किंकाळी ऐकू आली. बाकावर माझी आई चष्मा पुसत होती.

दार उघडलं. पुटपुटी टेबलावर, पट्टी बांधून झालेली, चेहरा लालबुंद. साहेबांनी स्टीलचा ट्रे, पातं, कापूस, लाल औषध आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा जप्त केला. ते म्हणाले, "यादीतल्या मुलींची सरकारी लेडी डॉक्टरकडून तपासणी करावी लागेल."

झालं, घरोघरी वणवा पेटला. ज्यांनी मुलींना कापायला पाठवलं होतं ते बाप "आमच्या मुलीला तिथे कुणी बघता कामा नये" म्हणून पोलीस चौकीवर चालून आले. माझा दादाही त्यात होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कशात तरी पडला. साहेब कोर्टाचा हुकूम आणायचं बोलायला लागले तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या टाकेबाई म्हणाल्या, "तपासणी कशाला? लिहा. मी केलं. या अकराही जणींचं, आणि त्याआधीच्या सगळ्यांचं. आई-बापांना मीच भरीला घातलं." साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनाही तो भाग पुन्हा पुन्हा लिहायचा नव्हता. बाहेर अध्यक्षांनी टाकेबाईंच्या नावाने घोषणा दिल्या, आणि माझा फोटो पेपरात आला.

आई म्हणाली, "पोलीस आणलेस ना, आता तूच बस पोरीजवळ." मी बसले. दोन दिवस पुटपुटीच्या उशाशी बसून रडले. मी उशीर केला होता, आणि हा उशीर कशानेही भरून येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बाहेर गेली तशी पुटपुटी उठून बसली, दाराकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली,

"आत्या, रडू नको. काही नाही झालं."

"हो गं राणी, होईल बरं."

"बरं काय व्हायचंय? त्यांनी काही केलंच नाही. औषध लावलं, पट्टी बांधली, पेपरमिंट दिलं आणि म्हणाल्या झुरळ बघितल्यासारखी ओरड. मी ओरडले तर म्हणाल्या, अजून मोठ्याने, आजीला कमी ऐकू येतं." मग तिने माझा दंड घट्ट धरला. "पण तू कुणाला सांगू नको हं. सांगितलं तर दुसरीकडे नेतील, तिथे खरं कापतात. त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. कुण्णीच सांगत नाही."

माझी समिती अकरा बायकांची होती. बंद दाराआड ठरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दूधवाल्याला कळायची. आणि इथे साठ-साठ पोरींनी, सात वर्षांच्या असल्यापासून, एक गोष्ट पोटात ठेवली होती. बँकेतली मुलगी का हसली ते मला तेव्हा कळलं. मी तिचं हसणं आघात म्हणून छापलं होतं.

टाकेबाई जामिनावर घरी आल्या होत्या. मी गेले तेव्हा मागच्या खोलीतलं ते टेबल पुसत होत्या. मी दारातच म्हणाले, "पुटपुटीने सांगितलं."

"हं," त्या म्हणाल्या. "वाटलंच. ही त्रेसष्टावी. आधीच्या बासष्ट पक्क्या निघाल्या."

मी खाली बसले. "का केलंत हे?"

"सासूबाईंच्या हातची एक पोर आमच्याच दवाखान्यात आली होती. तीन दिवस राहिली. गेली. कागदावर ताप लिहिला. मीच लिहिला." टेबलावरचा एक डाग त्यांनी पुन्हा पुन्हा पुसला. "मग सासूबाईंना दिसेनासं झालं. मी नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणी उभी राहिली असती. म्हटलं, द्या माझ्याकडे."

"आणि ओरडला नाहीत? बावीस वर्षं गप्प? तुमच्यामुळेच त्यांना छाती पुढे काढून सांगता आलं ना, बघा आमच्या मुली, काही त्रास नाही! मी सहा महिने मरमर मेले, टाकेबाई!"

"ते खरंय," त्या म्हणाल्या. "मी थांबवलं नाही. मी चुकवलं. थांबवायचं काम तुमचं होतं. तुम्हाला वेळ लागला, तोवर कुणीतरी चुकवायला हवं होतं."

मी म्हणाले, "उद्या कोर्टात खरं सांगते. तुम्ही सुटाल."

"आणि तुझ्या यादीतल्या अकरा? नावं, पत्ते, वय, सगळं सुवाच्य लिहिलंयस. रीत राहिली म्हटल्यावर सुट्टी लागायच्या आत एकेकीला परगावी नेतील. तुझी पुटपुटी आधी." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आणि मी सुटले तर लोक म्हणतील, कायदा काय, फुसका बार. मला शिक्षा झाली तर पुढची बाई पात्याला हात लावताना दहादा विचार करेल. तू साक्ष दे. चांगली ठणठणीत दे. शिक्षक आहेस, बोलता येतं तुला."

मी ठणठणीत साक्ष दिली. शाळेत रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईने शपथेवर सांगितलं, "मी किंकाळी ऐकली. मी पट्टी पाहिली." दोन्ही खरंच होतं.

घात झाला तो टाकेबाईंना सोडवायला आलेल्यांकडून. मंडळाने मोठा वकील दिला होता. त्याने हात उंचावून सांगितलं, "हा विधी केवळ प्रतीकात्मक आहे, न्यायाधीश महोदया! इतका किरकोळ की खूणसुद्धा राहत नाही. माझं तर आव्हान आहे, एका मुलीची तपासणी करा, काहीही सापडणार नाही!"

त्या माणसाला स्वतःला ठाऊक नव्हतं की तो आयुष्यात एकदा संपूर्ण सत्य बोलतोय. न्यायाधीशबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "पालकांची हरकत नसेल तर..."

"खूण आहे," टाकेबाई म्हणाल्या.

वकील गर्रकन वळला. टाकेबाई पिंजऱ्यात सरळ उभ्या होत्या. "वकीलसाहेबांना त्यातलं काय कळतंय? मी चांगलं खोल केलंय, सगळ्यांचं. माझं काम कच्चं नसतं. तपासायची गरज नाही."

कोर्टात कुणीतरी "शी!" म्हणालं. तज्ज्ञ बाईंनी रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांची मान मात्र ताठ झाली. शेजारच्याकडे त्यांनी असं बघितलं की बघा, याला म्हणतात निष्ठा. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" त्यांनी विचारलं.

"एकाही मुलीबद्दल नाही," टाकेबाई म्हणाल्या.

दोन वर्षांवर भागलं असतं, पण आरोपीला तिळमात्र खंत नाही म्हणून पाच झाली. मला तिथेच उठून ओरडावंसं वाटत होतं. मी उठले नाही. पुटपुटीचा हात माझ्या दंडावर आहे असं वाटत राहिलं आणि मी बसून राहिले.

शिपायांनी टाकेबाईंना बाहेर काढलं तेव्हा मागच्या चार रांगा एकदम उभ्या राहिल्या. सगळ्या तरुण मुली. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. बँकेतली होती. चाळीसेक तरी असतील. कोण कुठून आली, कुणी कुणाला कळवलं, मला आजही माहीत नाही. एकही काही बोलली नाही, पण झाडून सगळ्या रडत होत्या. टाकेबाई त्यांच्या समोरून खाली बघत गेल्या. एका मुलीने हात पुढे केला तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

पेपरचा वार्ताहर धावत माझ्याकडे आला. "बाई, या कोण? का रडतायत?"

मी समितीची चिटणीस. सांगणं माझंच काम होतं. मी म्हणाले, "पीडित मुली आहेत. न्याय बघायला आल्यात."

दुसऱ्या दिवशी ते तसंच छापून आलं. त्या रडत होत्या, तेवढं मात्र खरं होतं.